पायऱ्यांवरची राख

"पण मंत्र कोणता होता, महाराज?"

धोंडगिरी महाराजांनी डोळे उघडले नाहीत. अंगावर दोन घोंगड्या, वर रजई, कानाला मफलर. डावा पाय मांडीपासून फळीला बांधलेला. छातीत कफ घरघरत होता.

"कसला मंत्र?"

"पायऱ्यांवर राख टाकताना आपले ओठ हलत होते, तो मंत्र."



विश्वंभर आणखी जवळ सरकला. मरणाच्या दारातल्या माणसाला असं खोदून विचारणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. पण म्हातारा गेला की मंत्रही गेला, हेही कळत होतं. मागे राहणार काय? ही दगडी कुटी, कोपऱ्यातली धुनी आणि गुरूंची घोंगडी. कुलूप हातात आणि किल्ली मेलेल्याच्या मुठीत, अशी गत.

"मी अपात्र असेन," तो म्हणाला. "पण माझ्यावाचून आपल्यापाशी दुसरं आहे कोण?"

"दार उघड," महाराज म्हणाले.

"महाराज, बाहेर बर्फ आहे."

"थोडं उघड."

विश्वंभराच्या अंगावर शहारा आला. घडी आली, असं त्याला वाटलं. त्यानं उठून दार किलकिलं केलं आणि हात जोडून उभा राहिला.

"प्राणाला वाट मोकळी असावी म्हणून ना?"

"कोळशाचा धूर कोंडतो रे." महाराजांनी हनुवटीनं खाटेजवळची शेगडी दाखवली. "दार लावून शेगडी पेटती ठेवली, की निजलेला माणूस उठत नाही. माझं सोड. तुला तर उठायला पाहिजे ना उद्या?"

विश्वंभर खाली बसला. त्याला थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण फार नाही. महापुरुष शेवटच्या घडीलाही असंच साधं बोलून आपली खोली झाकून ठेवतात, हे त्यानं वाचलेलं होतं.

तेवढं एक खरं, की त्याचं वाचन दांडगं होतं. सांगलीच्या कॉलेजात तो संस्कृत शिकवत असे. उपनिषदं तोंडपाठ. वैराग्य आलं तेव्हा नोकरी सोडून गुरूच्या शोधात निघाला, आणि हरिद्वारपासून वर चढत चढत जो जो गुरू भेटला त्याच्यात त्यानं खोट काढली. एकाचं व्याकरण कच्चं, दुसऱ्याचं खाणं फार, तिसऱ्याला गाडीची हौस. शेवटी या उंचावरच्या कुटीत धोंडगिरी भेटले. ते फारसं बोलतच नसत. न बोलणाऱ्या माणसात खोट काढणार कुठून?

धोंडगिरी मूळचे बागलाणातले. तरुणपणी घरात कुणाशी तरी भांडून निघाले, ते पाय दुखायला लागले तिथं थांबले, असं ते स्वतःच हसत सांगत. खालच्या ओढ्यापासून कुटीपर्यंतच्या दगडी पायऱ्या त्यांनी आपल्या हातानं लावल्या होत्या. वाट उत्तरेला तोंड करून होती, त्यामुळं हिवाळ्यात तिच्यावर ऊन असं पडतच नसे.

पहिल्याच हिवाळ्यात विश्वंभरानं ते पाहिलं होतं.

उजाडायच्या आधी जाग आली, म्हणून त्यानं खिडकीची काच पुसून बाहेर नजर टाकली. महाराज काखेत टोपली मारून पायऱ्या उतरत होते. मुठीनं राख घ्यायची, पायरीवर टाकायची, तिच्यावर पाय ठेवायचा, मग पुढची पायरी. आणि ओठ सारखे हलत होते. थांबत नव्हते.

"ते काय करत होता, महाराज?" त्यानं त्या दिवशी विचारलं होतं.

"राख टाकत होतो."

बस्स. विश्वंभर दिवसभर त्या उत्तरानं भारावून फिरत होता. इतकं साधं उत्तर, म्हणजे आत केवढं असेल!

मग उन्हाळ्यात यात्रेकरू वर येऊ लागले, तेव्हा त्यानं त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. पायऱ्या म्हणजे देहातली चक्रं. राख म्हणजे जळून गेलेला अहंकार. गुरू स्वतः पुढे होऊन प्रत्येक चक्रावर अहंकाराचं भस्म ठेवतात, मग शिष्य चढतो. पुण्याचे एक निवृत्त न्यायाधीश ते ऐकून ढसाढसा रडले होते. महाराज तेव्हा शेजारी बटाटे सोलत बसले होते.

यंदा कार्तिक लागला आणि महाराज म्हणाले, "गुडघे ऐकत नाहीत रे आता. या वर्षी राख तू टाक. उजाडायच्या आत टाकत जा."

विश्वंभराला त्या रात्री आनंदानं झोप आली नाही. ही दीक्षाच होती. आता महाराज कानात मंत्र देतील, म्हणून तो पहाटे न्हाऊन ओलेत्यानं त्यांच्यापुढे जाऊन बसला. महाराजांनी डोळे चोळत त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अंग पूस आधी. छाती भरेल."

मंत्र मिळाला नाही. आपली तयारी कमी पडली, असं मानून त्यानं आपल्याला ठाऊक असलेला एक वैदिक मंत्र तात्पुरता धरला आणि काम सुरू केलं. आणि हे सांगायलाच हवं, की काम त्यानं जीव ओतून केलं. त्यात कसूर म्हणून नव्हती. कसूर असती तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी पुढं आली.

महाराज पडले ते पौषात.

गावातल्या मंगसीरूची आई, रुकमा, रोज सकाळी दूध घेऊन वर येत असे. महाराजांशी चार गोष्टी बोलायची, धुनीपाशी हात शेकायची, जायची. वर्षानुवर्षांचा रिवाज. पौष लागला आणि ती दुधाचा लोटा खालच्या पायरीवर ठेवून तिथूनच परतू लागली. विश्वंभर खाली जाऊन लोटा आणत असे. म्हातारीची श्रद्धा पातळ झाली, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं आणि महाराजांना तसं सांगितलंही.

"श्रद्धेचं काय नाही," महाराज म्हणाले. "रागावली असेल कशावरून तरी. विचारून येतो."

ते काठी घेऊन निघाले. विश्वंभर तेव्हा जपाला बसला होता. बाहेर धप्प असा आवाज झाला, मग काठी दगडांवरून खडखडत खाली गेली. आवाज त्यानं ऐकला. पण माळ अर्धी होती. माळ अर्धी टाकून उठू नये. ती पुरी करून तो बाहेर आला, तेव्हा महाराज बर्फाळ पायरीवर आडवे पडले होते आणि थंडीनं त्यांचे ओठ निळे झाले होते.

मंगसीरू आणि गावातल्या दोघातिघांनी उचलून आत आणलं. खालच्या गावचा कंपाउंडर आला. खुब्याचं हाड गेलं, शहरात न्यायला हवं, म्हणाला. त्याच दुपारी बर्फ पडू लागला आणि रस्ता बंद झाला. मग ताप आला. मग छाती भरली. कंपाउंडर पुन्हा येऊन गेला तेव्हा त्यानं महाराजांची नाडी पाहिली आणि विश्वंभराकडे न बघता चहा मागितला.

...

"ओठ हलत होते म्हणतोस?"

उजाडताना महाराजांचा आवाज आला, तसा विश्वंभर दचकला.

"रोज हलत होते. मी खिडकीतून पाहत असे. क्षमा करा."

महाराज हसले. हसण्याचा खोकला झाला. विश्वंभरानं त्यांना खांद्याशी धरून उचललं, पाठीवरून हात फिरवला, पुन्हा टेकवलं. अंगात काही उरलं नव्हतं. पाठीची हाडं हाताला लागत होती.

"शिव्या देत होतो," महाराज म्हणाले.

"काय?"

"थंडीला शिव्या देत होतो रे. आमच्या बागलाणी शिव्या. बोटं गारठून कळायची बंद व्हायची... मग काय करणार?"

विश्वंभर हसला नाही. "आपण माझी परीक्षा पाहता," तो म्हणाला.

"मरताना कुणी परीक्षा घेतं का?"

"मग मंत्र..."

"मंत्र नाही."

बाहेर झाडावरून बर्फाचा गोळा सुटून पडला. विश्वंभर शेगडीतल्या निखाऱ्यांकडे बघत राहिला. इतक्या वर्षांची सेवा, आणि हाती हे. त्याला महाराजांचा राग आला. आणि अशा माणसाचा अशा वेळी राग आला, म्हणून स्वतःची लाजही वाटली.

"तू काय म्हणत होतास?" महाराजांनी विचारलं. "राख टाकताना?"

त्यानं सांगितलं.

"चांगला आहे," महाराज म्हणाले. "मोठा आहे पण. थंडीत उभं राहून म्हणायचं म्हणजे... आणि राख किती टाकायचास?"

"तीन बोटांत मावेल इतकी."

"प्रत्येक पायरीवर?"

"प्रत्येक पायरीवर. मधोमध. उरलेली राख मी पुड्या बांधून ठेवली आहे, उन्हाळ्यात येणाऱ्यांना प्रसाद म्हणून द्यायला. धुनीची राख आहे, महाराज. वाया जाऊ दिली नाही."

महाराजांनी डोळे उघडले.

"तीन बोटांत," ते म्हणाले.

"आणि वस्त्रगाळ." विश्वंभराच्या आवाजात त्याला नकळत थोडा अभिमान आला. "मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळत होतो. खडे, कोळशाचे तुकडे, सगळं वेचून काढत होतो. अगदी पिठासारखी करून मगच..."

तो थांबला. महाराज त्याच्याकडे बघत होते. ती नजर त्यानं पूर्वी कधी पाहिली नव्हती. तिच्यात राग नव्हता. घरात चोर शिरून गेल्याचं सकाळी कळावं आणि माणूस नुसता उघड्या दाराकडे बघत राहावा, तशी ती होती.

"ती राख आण," महाराज म्हणाले. "गाळलेली."

त्यानं कोनाड्यातलं पितळी भांडं आणलं.

"हात कर पुढे."

विश्वंभरानं तळहात पुढे केला. महाराजांनी उशाजवळच्या पाण्याच्या वाटीत बोटं बुडवली आणि त्याचा तळहात ओला केला. मग भांड्यातली चिमूटभर राख त्यावर टाकली आणि आपला अंगठा दाबून पुढे सरकवला.

अंगठा सर्रकन मनगटापर्यंत गेला.

"आता तिथली आण." त्यांनी धुनीच्या कडेची, खड्याकोळशांची जाडीभरडी राख दाखवली.

ती त्यांनी मूठभर टाकली. पुन्हा अंगठा दाबला.

अंगठा जागचा हलला नाही.

महाराजांनी हात मागे घेतला आणि रजईखाली घातला. एवढ्यानंही त्यांना धाप लागली होती.

विश्वंभर आपल्या तळहाताकडे बघत होता. त्याला ते खूप उशिरा, पण एकदम कळलं.

"पायऱ्यांवर..." तो म्हणाला.

"रात्री दव गोठतं," महाराज म्हणाले. "माणसं घसरतात."

"म्हणून राख."

"म्हणून राख."

"एवढंच?"

"एवढंच."

शेगडीत कोळसा तडकला.

"रुकमा अम्मा वर येत नव्हती, ती..."

"पडायची भीती वाटली असेल. म्हातारं हाड. तिनं आपलं खालीच ठेवलं दूध." महाराजांनी डोळे मिटले. "आणि मी उगाच म्हटलं, रागावली."

विश्वंभरानं लोकांना किती वेळा सांगितलं होतं, की जे घडतं ते प्रारब्धानं घडतं, करणारा कुणी नसतो. आज ते वाक्य महाराजांच्या तोंडून ऐकायला तो आसुसला होता. एकदा म्हणावं त्यांनी. खोटं का होईना, म्हणावं.

"म्हणजे आपण माझ्यामुळं पडलात," तो म्हणाला.

महाराजांचे डोळे मिटलेलेच होते.

"महाराज?"

"हो," महाराज म्हणाले.

विश्वंभरानं तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलू लागले. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. महाराजांनी त्याला रडू दिलं. गप्प हो म्हणाले नाहीत.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "मला वाटलं, वय झालं. पाय उचलत नाही आपला, म्हणून पडलो."

"नका बोलू, महाराज."

"बोलतो. इतकी वर्षं बोललो नाही, त्याचंच तर हे झालं." ते थांबले. दम खाल्ला. "राख कशाला टाकतात, हे काय सांगायचं असतं, असं वाटलं मला. तुला माहीत असेल, असं धरून चाललो. नाही... तसंही नाही. तू त्या पुण्याच्या साहेबाला चक्रं समजावत होतास ना?"

"हो."

"ऐकत होतो मी. तेव्हाच म्हणायचं होतं, बाबा रे, घसरू नये म्हणून टाकतो. जिभेवर आलं होतं. पण तो साहेब रडायला लागला. आणि मला... गोड वाटलं रे. आपल्या राखेला लोक एवढं मानतात. म्हटलं, राहू दे."

विश्वंभरानं डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं.

"बटाटे सोलत बसलो," महाराज म्हणाले. "तेव्हाच तू मनातून टोपली बाजूला ठेवून चिमूट धरलीस, आणि मी तुला धरू दिली. एकट्याच्या चुकीचं ओझं एकट्यानं उचलावं, पण दोघांचं कुणी एकट्यानं उचलू नये."

"मला प्रायश्चित्त सांगा."

"नको."

"हिवाळाभर मी अनवाणी त्या पायऱ्या चढेन. अन्न वर्ज्य करेन. काहीही सांगा."

"म्हणजे तुझी बोटं गळतील आणि तू अंथरूण धरशील. मग तुला दूध पाजायला पुन्हा त्या म्हातारीनं वर यायचं?"

शास्त्रार्थात विश्वंभराला कुणी असं गप्प केलं नव्हतं.

"ऊन कुठवर आलंय?" महाराजांनी विचारलं.

"समोरच्या डोंगरावर."

"मग रुकमा येईल आता."

तेवढंच बोलून ते पडून राहिले. विश्वंभर उठला.

कुटीच्या मागे राखेचा ढीग होता. वर बर्फ साचलेला. त्यानं फावड्यानं बर्फ बाजूला केला आणि खालची राख, खडे, अर्धवट जळलेले कोळसे, जे हाताला लागेल ते टोपलीत भरलं. गाळायचं फडकं दोरीवर वाळत होतं, लाकडासारखं कडक होऊन. त्याच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि सपशेल घसरला. दगडाची कड धरून कसाबसा सावरला. रोज याच पायऱ्या तो उतरत असे. पण त्याचे पाय धड, आणि लक्ष मंत्रात. घसरण त्याला कळली असेल तरी त्यानं ती आपल्या साधनेतल्या विघ्नांत जमा करून टाकली असेल.

त्यानं मूठ भरून राख टाकली. त्यावर पाय ठेवला. पाय ठरला.

दुसरी मूठ. दुसरी पायरी.

वारा ओढ्यावरून वर येत होता. थोड्याच वेळात बोटांची टोकं सुन्न झाली, मग दुखू लागली, मग असं काही ठणकू लागली की त्याच्या तोंडून शिवी निघाली. सांगलीची, कृष्णेच्या घाटावरची, लहानपणी ऐकलेली. त्यानं पुढच्या पायरीवर आणखी एक दिली. त्याचे ओठ हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि टोपली संपली म्हणून परत वर जाऊन त्यानं ती पुन्हा भरून आणली.

खालच्या पायऱ्यांवर देवदाराची सावली होती. तिथं बर्फाचा थर जाड होता. तिथं त्यानं दोन दोन मुठी टाकल्या.

मान वर केली तर समोर रुकमा उभी होती. हातात लोटा, डोक्यावरून घट्ट लपेटलेली शाल.

"बाबा कसे आहेत?" तिनं विचारलं.

विश्वंभरानं मान हलवली. तिला कळलं.

तिनं पायरीकडे पाहिलं. एक पाय उचलून राखेवर ठेवला, टाच फिरवून दाबून पाहिली. मग काही न बोलता, गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी वर चढू लागली. विश्वंभर तिच्या मागून टोपली घेऊन चढला. ती थांबली की थांबत होता. तिला धरायला हात पुढे करावा असं त्याला वाटत होतं, पण आपल्या हाताचा त्याला भरवसा वाटत नव्हता.

आत येऊन ती महाराजांच्या खाटेशी बसली.

"मी रागावले नव्हते, बाबा," ती म्हणाली.

"समजलं मला," महाराज म्हणाले. "आज समजलं."

"मी खालून हाक मारायला हवी होती. पायऱ्या वाईट झाल्यात, म्हणून सांगायला हवं होतं. पण वाटलं, हे नवे महाराज शिकलेले. त्यांचं काही तरी व्रत असेल. आपण कसं बोलायचं?"

महाराजांनी विश्वंभराकडे पाहिलं नाही. त्यांनी रुकमाच्या हातावर हात ठेवला.

"सगळेच गप्प बसलो," ते म्हणाले.

तिनं दूध कोमट केलं. आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहिला, मग चमचा त्यांच्या ओठाला लावला. दोन चमचे गेले. तिसरा ओघळला. तिनं शालीच्या टोकानं त्यांची हनुवटी पुसली आणि बसून राहिली. दोघं आपापल्या मेलेल्या माणसांविषयी थोडंसं बोलली. पलीकडच्या वर्षी म्हैस कधी व्याली होती, यावर त्यांचा थोडा वादही झाला.

जाताना ती रडली नाही. दारात मात्र बराच वेळ उभी राहिली. विश्वंभर तिच्याबरोबर खालपर्यंत गेला आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत तिथं उभा राहिला.

तो परत आला तेव्हा महाराजांचा श्वास लांब लांब झाला होता. त्यानं शेगडी थोडी दूर सरकवली, दाराची फट पाहिली, आणि खाली बसून त्यांचा हात हातात घेतला. हात गार होता. कुणाचा जास्त गार होता, ते सांगता आलं नसतं.

"उतरली नीट?" महाराजांनी विचारलं.

"उतरली."

"बरं झालं."

...

"महाराज, आता रोज टाकीन. जन्मभर. माझा शब्द आहे."

"जन्मभराचं नंतर बघ."

महाराजांनी डोळे उघडायचा प्रयत्न केला. एकच उघडला. त्या डोळ्यानं त्यांनी शिष्याकडे पाहिलं, आणि त्यात पुष्कळ माया होती.

"विश्वंभरा."

"जी."

"मला न्यायला चौघं येतील."

"महाराज, असं..."

"ऐक." त्यांनी श्वास गोळा केला. "खांद्यावर ओझं असलं, की माणसाला पायाखालचं दिसत नाही. त्या दिवशी माझ्यापाशी रडत बसू नकोस... आधी राख टाक. सढळ हातानं टाक."